अण्णा म्हणाले, येत नाही

१

अण्णा गेला तेव्हा त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि केस नीट विंचरलेले होते. सून कामावरून परतली तर हा कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत मान टाकून बसलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा. डॉक्टर असं नेहमीच म्हणतात. मी विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचाच होता.

अण्णा माझा मोठा भाऊ. मरणाबद्दल कुणाला शंका नव्हती. घोळ सुरू झाला तो सगळं आटोपून आम्ही घरी येऊन बसलो तेव्हा.

"मी रोज फोन करत होते त्यांना," माझी भाची, अण्णाची मुलगी, म्हणाली. विमानाने दूरच्या शहरातून आली होती, डोळे सुजले होते. "रोज संध्याकाळी. एकदाही घेतला नाही. इतका राग धरला माझ्यावर?"

सून दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "ताई, मी सांगितलं होतं त्यांना. ते 'येत नाही' म्हणाले."

"बघ ना आत्या. येत नाही म्हणाले." भाचीने तोंड ओंजळीत झाकून घेतलं.

माझा भाचा, म्हणजे अण्णाचा मुलगा, भिंतीला टेकून उभा होता. तो पुलांची तपासणी करतो. अण्णा गेला तेव्हा तो डोंगरात कुठल्याशा पुलाखाली लोंबकळत होता, महिनाभर घरी नव्हता. तो म्हणाला, "जाऊ दे. बाबांचा स्वभाव तसाच होता."

मला तिथेच खटकलं. अण्णाचा स्वभाव मला विचारा. चिडला की भांडी आपटायचा आणि चहा गार व्हायच्या आत विसरायचा. अबोला धरणं त्याला जमायचंच नाही. बॉयलरच्या कारखान्यात रिव्हेट ठोकून ठोकून त्याचे कान गेले, पार ठार बहिरा झाला. मग तो समोरच्याचे ओठ वाचायला शिकला. ओठ पक्के वाचायचा, पण बोलण्यातला सूर काही ओठांवर दिसत नाही. त्यामुळे त्याला टोमणा कळायचा नाही आणि लाडही कळायचा नाही, सगळं एकाच पट्टीत. आम्ही त्याला खूप हसायचो.

फोन त्याच्या काय कामाचा? म्हणून भाचीने ती सोय शोधली होती. कॉम्प्युटरवर एक पान उघडं ठेवायचं. तिने तिकडून फोन केला की एक छोटी खिडकी टपकन समोर यायची, तिचा चेहरा दिसायचा आणि ती बोलेल ते खाली मोठ्या अक्षरांत उमटायचं. ते यंत्र मधूनच "जेवलात का" चं "जेल झालं का" करून ठेवायचं आणि बापलेक पोट धरून हसायचे.

मी तीसेक वर्षं स्टेशनवर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर काढली. तिथे येणारा प्रत्येक माणूस 'चोरी झाली' असं म्हणतच यायचा. मी कुणावर विश्वास ठेवायची नाही, कुणावर अविश्वासही दाखवायची नाही. एवढंच विचारायची, शेवटचं हातात होतं, त्यानंतर लगेच काय झालं?

इथे हरवला होता तो अण्णाचा फोन. भाची म्हणते तिने केला, सून म्हणते अण्णाच 'येत नाही' म्हणाला. आणि मला दिसत होता विंचरलेला भांग. ज्याला फोन घ्यायचाच नाही, तो रोज संध्याकाळी पडद्यासमोर बसायला इस्त्रीचा शर्ट कशाला घालेल?

२

दुसऱ्या दिवशी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. त्याच सकाळी मी माझ्याच चष्म्यावर बसले होते. दांडी मोडली, एक काचही गेली, त्यामुळे समोर सून आहे की फ्रिज एवढंच काय ते कळत होतं. चष्मेवाला म्हणाला, नवा मिळायला वेळ लागेल.

ही मुलगी औषधांच्या दुकानात दुपारनंतर काम करते. तोंडातून शब्द काढायचा तर चिमट्याने ओढावा लागतो.

"मला नीट सांग. तू नेमकं काय म्हणालीस त्याला?"

"ताईंचा मला फोन आला होता. म्हणाल्या, बाबा फोन घेत नाहीत, जरा सांग. मी निघायच्या गडबडीत होते. बाबा गॅलरीत बसले होते. मी दारातून म्हटलं, बाबा, ताईचा फोन येतोय."

"मग?"

"माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, येत नाही. आणि तोंड फिरवलं."

"रागाने?"

नळ चालू होता, तो तिने बंद केला. "नाही. म्हणजे, राग नव्हता. मला वाटलं, रडू येतंय त्यांना. पण ते मी ताईंना नाही सांगितलं. त्यांना अजून वाईट वाटलं असतं."

"आणि नंतर पुन्हा कधी विचारलं नाहीस?"

"एकदा नाही म्हणाले ना, आत्या. बापलेकीच्या मधे मी कशाला पडू? उद्या समेट झाला की वाईट मीच."

यात खोटं काही नव्हतं. सुनेच्या जातीला हे कळायला फार दिवस लागत नाहीत. पण ती शेवटी एक वाक्य बोलली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"तसंही संध्याकाळी मी घरी नसायचे. ते काय करायचे ते मला नाही ठाऊक. समोरच्या वायरला विचारा. त्याला सगळं दिसतं."

३

वायर म्हणजे समोरच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. गळ्यात कायम कुठली ना कुठली वायर लटकलेली असते. मी दुकानात शिरले आणि खुर्ची समजून एका प्रिंटरवर बसायला गेले. त्याने वेळीच धरलं.

"अण्णा का?" तो म्हणाला आणि हातातला पेचकस खाली ठेवला. "अहो, रोज दिसायचे. त्यांची खोली इथून सरळ दिसते. पाच वाजले की आरशात बघून भांग पाडायचे. मग पडद्यासमोर बसायचे. नुसते बसायचे. मी दुकान बंद करायचो तरी बसलेले. अलीकडे रोज."

"रोज?"

"रोज. मी बायकोला म्हटलंसुद्धा, म्हातारा कुणाची तरी वाट बघतोय."

फोनवर येत नाही म्हणणारा माणूस फोनची वाट बघत बसला होता.

"तुझ्याकडे आला होता का तो?"

वायरने गळ्यातली वायर काढली आणि गुंडाळत बसला. "दोनदा आले. पहिल्यांदा विचारलं, कॉम्प्युटरमधून फोटो पुसले गेले तर परत आणता येतात का. कुठले ते नाही सांगितलं. मी खटपट केली, पण नाही आले. दुसऱ्यांदा मला घरी घेऊन गेले. म्हणाले, फोन लागत नाहीये बहुतेक, बघ. मी इंटरनेट बघितलं, कॅमेरा बघितला, सगळं झकास."

"मग तू काय सांगितलंस त्याला?"

त्याचा चेहरा मला धूसर दिसत होता, पण आवाज बदललेला कळला.

"मी कागदावर लिहून दिलं त्यांना. मशीनमध्ये दोष नाही, समोरूनच फोन येत नसेल." त्याने वायरची गुंडाळी टेबलावर ठेवली. "त्यांनी मान हलवली, मला चहा पाजला, आणि जिन्यापर्यंत सोडायला आले. आत्या, माझं काही चुकलं का?"

"अजून माहीत नाही रे," मी म्हटलं. ते खरंच होतं.

रस्ता ओलांडताना मी मनात हिशोब मांडला. एकीकडे माझी भाची, जी शपथेवर सांगत होती की फोन केला. दुसरीकडे माझा भाऊ, जो भांग पाडून त्याच फोनची वाट बघत होता. दोघंही खरं बोलत असतील तर फोन मधल्यामधे कुणीतरी अडवला होता. आणि तो अण्णाच्या खोलीत येऊनच अडवला असणार.

४

मी सगळ्यांना अण्णाच्या खोलीत जमवलं. वायरलाही बोलावून घेतलं. भाच्याला खुर्चीत बसवलं आणि भाचीला बाहेरच्या खोलीत पाठवलं.

"कर फोन," मी ओरडले. "रोज करायचीस तसाच."

पडद्यावर अण्णाचं ते पान उघडं होतं. आम्ही श्वास रोखून बघत होतो. म्हणजे ते बघत होते, मला नुसता पांढरा चौकोन दिसत होता.

"वाजतोय!" बाहेरून भाची ओरडली. "माझ्याकडे 'घंटी वाजते आहे' असं दिसतंय!"

पडद्यावर काही झालं नाही. खिडकी नाही, चेहरा नाही.

"थांब," भाचा पुढे वाकला. "वर पत्त्याच्या पट्टीत कोपऱ्यात काहीतरी आलं. इवलीशी खिडकी, तिच्यावर लाल फुली. आत्या, पॉप-अप अडवलाय! न विचारता उघडणाऱ्या खिडक्यांना पॉप-अप म्हणतात. फोनची खिडकी त्यातलीच. ब्राउझर तिला उघडूच देत नाहीये."

वायर मागे कपाळावर हात मारून घेत होता. "मी आलो तेव्हा ही फुली नव्हतीच. खिडकी उघडायला निघाली तरच ती दिसते, आणि मी होतो तेव्हा फोन येत नव्हता. दुसरं कुणाला तरी फोन करायला लावून बघायला हवं होतं मी."

"पण मी सुरुवातीलाच सगळ्या खिडक्यांना परवानगी देऊन ठेवली होती," भाचा म्हणाला. "वेगवेगळी कोण देत बसणार, म्हणून सरसकट. मग बंद कोणी केली?"

"सेटिंग दाखव मला."

"हे बघ, बाजूला ते पान आधीपासूनच उघडं आहे."

मी वाकून वाचलं. "साइटना पॉप-अप पाठवण्याची परवानगी देऊ नका." त्याच्यापुढे निळा ठिपका. त्याच्या वरचं "परवानगी द्या" रिकामं.

भाची दारात येऊन उभी राहिली होती. तिने ते ऐकलं, आणि ती वहिनीकडे वळली.

"तू केलंस."

"ताई, मी नाही..."

"घरात दुसरं होतं कोण? दादा पुलावर. बाबांना काय कळतं त्यातलं? मी तुला फोन करून रडले, तू मला सांगितलंस येत नाही म्हणाले. बाबा रोज वाट बघत होते, वहिनी! माझ्या फोनची वाट बघत गेले ते! काय वाकडं केलं होतं मी तुझं?"

सून दाराची चौकट धरून खाली बसली. भाच्याने बायकोला "तू?" एवढंच विचारलं, आणि त्या सुरात शंका होती. ते ऐकून मला भयंकर संताप आला. एका मरणाने हे घर आधीच अर्धं मोडलं होतं, उरलेलं आता माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं.

"सगळ्यांनी बसा," मी म्हटलं. "माझं बोलून होईपर्यंत कुणी कुणाला दोष द्यायचा नाही."

५

"आधी 'येत नाही' चं बघू," मी म्हटलं. "ऊठ गं. गॅलरीच्या दारात उभी राहा आणि त्या दिवशी म्हणालीस तेच म्हण. सगळ्यांनी कानात बोटं घाला. मला तर काही दिसत नाही, तेव्हा तुम्हीच सांगा ती काय म्हणाली."

सून डोळे पुसत उभी राहिली. तिने ते वाक्य पुन्हा म्हटलं.

"ताईचा फोन येतोय," भाचा म्हणाला.

"नाही," वायर म्हणाला, "ताईचा फोन येतोय का, असं विचारलं ना वहिनींनी?"

दोघं एकमेकांकडे बघू लागले.

"हेच," मी म्हटलं. "कानात बोटं घातली की सांगणं आणि विचारणं एकच दिसतं. फरक असतो फक्त सुराचा. तिने सांगितलं, फोन येतोय, या. अण्णाला वाटलं ती विचारतेय, फोन येतोय का? त्याने खरं ते उत्तर दिलं. येत नाही. फोन येत नाही गं. आणि हिने ऐकलं, मी येत नाही."

भाचीचा हात तोंडाशी गेला.

"म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. राग नव्हताच. तो तुला कधीही नाही म्हणाला नाही. हे आयुष्यभर लक्षात ठेव."

"मग बंद?" ती पुटपुटली. "बंद कोणी केल्या खिडक्या?"

हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. मघाशी वाकून वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं होतं.

"माझा चष्मा मोडलाय," मी म्हटलं. "मला सकाळपासून माणसं ओळखू येत नाहीत. ती लाल फुलीही दिसली नाही. पण सेटिंगचं ते पान मी घडाघडा वाचलं. कसं?"

भाच्याने पडद्याकडे पाहिलं. "अक्षरं केवढाली मोठी केलीयत याची."

"प्रत्येक पानाची अक्षरं वेगळी मोठी करता येतात ना? तुझं मेलचं पान बारीक आहे. वायरला मोठी अक्षरं बघून मळमळतं. सुनेची नजर घारीसारखी आहे, औषधांच्या बाटलीवरचं बारकं वाचते ती. या घरात सेटिंगचं पान वाचायला एवढी अक्षरं फक्त एकाच माणसाला लागत होती. तोच त्या पानावर गेला, अक्षरं मोठी केली, एकेक ओळ बोट ठेवून वाचली, आणि परवानगी काढून घेतली. शिवाय पान बंद केलं नाही. काही केलं की ते उघडंच ठेवायची त्याची सवय, पुन्हा तपासता यावं म्हणून."

"बाबांनी स्वतः?" भाची म्हणाली. "खोटं आहे. ते मला का अडवतील?"

"तुला अडवायचं नव्हतं त्याला. तुझी खिडकीही त्यातलीच, हे त्याला कुठे ठाऊक होतं? त्याला दुसऱ्या अडवायच्या होत्या. आगंतुक. सगळ्यांना सरसकट परवानगी दिल्यावर नको त्याही येणारच." भाच्याने मान खाली घातली. "त्यातल्या एकीने त्याला फसवलं असावं. तो वायरकडे पुसलेले फोटो परत मागत गेला होता. आता तूच सांग बाळ. शेवटचं बोलणं झालं तेव्हा काय झालं?"

आल्यापासून मी तिला हे तीनचारदा विचारलं होतं आणि दर वेळी तिने विषय बदलला होता.

ती उठली आणि अण्णाच्या खुर्चीत बसली. माऊस धरला आणि "परवानगी द्या" समोरच्या गोलात टिचकी मारली. निळा ठिपका वर सरकला. मग तिने स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला.

खिडकी टपकन उघडली. पडद्याच्या मधोमध, डोळ्यांत भरेल एवढी. तिने माऊसने फोन घेतला, मोबाइल तोंडाशी धरला आणि आमच्याकडे पाठ केली. तिला आमच्या तोंडाकडे बघून बोलवत नव्हतं. खिडकीत अण्णासाठी ठेवलेली मोठाली अक्षरं उमटायला लागली. मलासुद्धा ती वाचता येत होती.

"बाबा, ती 'कॉम्प्युटर साफ करू का' विचारणारी खिडकी आली आणि तुम्ही हो म्हटलंत. आईचे सगळे फोटो गेले."

वायरने मान फिरवली.

"मी ओरडले. मी म्हटलं, न मागता उघडलेली एकही खिडकी इथून पुढे उघडू द्यायची नाही."

सून हळूच तिच्यामागे जाऊन उभी राहिली. खांद्यावर हात ठेवावा की नाही, हे तिला कळत नव्हतं. मग ठेवला.

"मी म्हटलं, किती वेळा सांगितलं. तुम्ही माझं कधी ऐकतच नाही."

ते वाक्य पडद्यावर थांबून राहिलं. माझ्या बहिऱ्या भावाने ते याच खुर्चीत बसून असंच वाचलं असणार, आणि तिने फोन ठेवल्यावर डोळे पुसून कामाला लागला असणार. कुणाला न विचारता, तिला खूश करायला. मला रडू आवरेना.

भाचीचा नुसता हुंदका ऐकू आला. यंत्र वाट बघत राहिलं. मग एक ओळ आली, आणि त्या वेळी यंत्राने एकही अक्षर चुकवलं नाही.

"एवढं एक नसतं ऐकलं तरी चाललं असतं, बाबा."